आईंच्या मर्यादेतले जहाज

आमच्या घरात जहाजाचा विषय निघाला तो थोरलीच्या दहावीच्या वर्षी. परीक्षा संपली की मे अखेरीस सिंगापूरला काकांकडे जायचे आणि तेथून साऱ्या कुटुंबाने मिळून चार दिवस जहाजावर काढायचे, असे वचन ह्यांनी तिला आधीच देऊन ठेवले होते. त्याच वर्षी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. धाकटे दीर बरीच वर्षे सिंगापुरात नोकरीला आहेत, त्यामुळे सर्वांनी एकत्र येण्यास निमित्त हवेच होते. आई, आम्ही दोघे, थोरली, नऊ वर्षांचा धाकटा, दीर, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा अशी आठ माणसे. ह्यांना सांगलीच्या बाजारातील हळदीच्या हंगामामुळे मान वर करायला सवड नव्हती, म्हणून जहाज निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

खरे सांगायचे तर जहाज निवडायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. गाव ठरवायचे, तारखा ठरवायच्या, तिकीट काढायचे, एवढीच माझी प्रवासाची कल्पना. मी एक शंभर पानी वही घेतली आणि दिरांना, जाऊबाईंना, पुण्याच्या मावसबहिणीला, प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांना विचारून तीत टिपणे करू लागले. पहिल्याच पानावर मी ‘टन’ या शब्दापाशी अडखळले. सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’ या जहाजाची नोंद सुमारे दीड लाख टन अशी होती, तर मुंबईहून सुटणाऱ्या ‘एम्प्रेस’ची सुमारे ४८ हजार. हळदीच्या पोत्यांच्या घरात टन म्हणजे वजन. पण जहाजाच्या बाबतीत हा आकडा वजनाचा नसून बंदिस्त जागेच्या आकारमानाचा असतो, हे दिरांनी समजावून सांगितले. एक जहाज १८ मजल्यांचे, २०१६ साली जर्मनीत बांधलेले. दुसरे ११ मजल्यांचे, १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले. आकडा मोठा म्हणजे मुलांना हुंदडायला जागा मोठी, हे मला पटले आणि मी मोठ्या जहाजाच्या बाजूला झुकले.

मग मुलांच्या वयाचा प्रश्न आला. अशा जहाजांवर मुलांसाठी वेगवेगळी दालने असतात आणि त्यांच्या वयोमर्यादा काटेकोर असतात. तीन वर्षांखालील मुलांना बहुधा पालकांशिवाय ठेवून घेत नाहीत, आणि अंगावर लंगोट असलेल्या बाळाला पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. पुढे तीन ते बारा या वयाचे दोन-तीन गट करतात आणि तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचे दालन स्वतंत्र असते. हे वय जहाज सुटण्याच्या दिवशी किती, असे मोजतात. आमचा पुतण्या त्या दिवशी बारा वर्षे दहा महिन्यांचा होणार होता, म्हणजे मिसरूड फुटू लागलेल्या त्या मुलाला दहा वर्षांच्या पोरांत बसावे लागले असते. जाऊबाई फोनवर हसत म्हणाल्या, “ताई, हा तिथे बसण्यापेक्षा समुद्रात उडी मारील.” धाकट्याची अडचण निराळी. उंच घसरगुंड्यांना वयाची नव्हे, उंचीची अट असते. त्याला दाराच्या चौकटीशी उभे करून मी पेन्सिलीने खूण केली, तेव्हा तो टाचा उंचावत होता.

खोल्यांचे गणित याहून अवघड. बहुतेक खोल्या दोघांसाठी असतात. तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली उघडतो आणि शिडी लावून त्यावर चढावे लागते. पाच माणसांची खोली क्वचितच मिळते आणि मिळाली तर फार महाग पडते. त्याऐवजी शेजारशेजारच्या दोन, मधले दार उघडणाऱ्या खोल्या घ्याव्यात, असा सल्ला मिळाला. खोली कोठे घ्यायची यालाही महत्त्व आहे. जहाज डुलते तेव्हा सर्वांत कमी हलतो तो मधला आणि खालचा भाग, झोक्याच्या मधोमध बसलेल्या माणसासारखा. ज्याला मळमळ होते त्याने उंचावरच्या सज्जाच्या खोलीचा मोह टाळावा. म्हाताऱ्या माणसाला लिफ्ट जवळ हवी, पण खोली नाट्यगृहाच्या किंवा नाचगाण्याच्या दालनाच्या खाली नको. मोठ्या जहाजांच्या बाजूंना पाण्याखाली पंखासारखे पाते असते. त्याने जहाजाचे कुशीवर होणे पुष्कळ कमी होते, परंतु समोरून लाट आली की पुढचे टोक वरखाली होतेच, त्यावर हा उपाय चालत नाही.

थोरलीला मी विचारले, “तुला जहाजावर काय काय हवे?” मला वाटले होते ती तलाव म्हणेल, नाटक म्हणेल, निदान इंटरनेट तरी म्हणेल. ती म्हणाली, “माझी वेगळी किल्ली.” मी वहीत ते लिहिले नाही. सोळाव्या वर्षाकडे निघालेली मुलगी परक्या समुद्रावर वेगळ्या किल्लीने काय करणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी पान उलटले.

जेवणाचा विषय आपल्या घरांत सर्वांत आधी निघतो. माझ्या वहीत तो पाचव्या पानावर आला याचे आता मलाच आश्चर्य वाटते. ‘जैन जेवण मिळते’ एवढ्या उत्तरावर विसंबू नये, हे आपल्यापैकी प्रवास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. कोठे त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही एवढाच होतो आणि बटाटा निमूटपणे ताटात येतो. म्हणून कोणकोणती कंदमुळे चालत नाहीत त्यांची यादी लिहून पाठवावी आणि उत्तरही लेखी मागवावे. आईंचे रात्रिभोजन वर्ज्य. जहाजावरच्या मोठ्या भोजनगृहात संध्याकाळच्या दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास आणि दुसरी आठनंतर. येथे सिंगापूरची एक सोय माझ्या ध्यानात आली. ते विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य सातच्या आगेमागेच मावळतो. आपल्या दिवाळीसारखी सहाची घाई तेथे नाही. पहिली पंगत धरली की आईंचे जेवण सूर्यास्ताआधी सहज होणार. मी मोठ्या समाधानाने त्या ओळीखाली दुहेरी रेघ ओढली.

आईंना मात्र काळजी होती ती बोटीचीच. त्यांचा जन्म १९५० सालचा. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही हकिगत त्यांनी लहानपणी थोरामोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की बोट म्हटले की त्यांना आषाढातील अवसच आठवे. मी त्यांना माझ्या वहीतले वाचून दाखवले. टायटॅनिक १९१२ साली बुडाल्यावर सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ साली झाला. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना आपत्तीत कोठे जमायचे याचा सराव अजून दिलेलाच नव्हता. पूर्वी तो सराव चोवीस तासांत उरकला तरी चालत असे. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच तो घ्यावा लागतो. त्यात प्रत्येकाला आपली जमण्याची जागा दाखवतात, आणि लहान मुलांच्या मनगटावर त्या जागेच्या खुणेची पट्टी बांधण्याचीही पद्धत आहे. आई ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “वल्ह्याची बोट आमच्या वाट्याला येईल ना?” मी हो म्हटले. तो विषय मिटला असे मी धरून चालले.

पुढे पासपोर्टचे निघाले. धाकट्याचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो संपायला सहा महिन्यांहून कमी उरले होते, म्हणून तो नवा करायचा होता. जहाज फिरून पुन्हा सिंगापूरलाच येते, तेव्हा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आईंचा पासपोर्ट कधी काढलाच नव्हता. ह्यांनी अर्ज आणला, फोटोवाल्याला घरी बोलावले. आई पांढरे लुगडे नेसून बसल्या आणि फोटोवाला निघून गेल्यावर म्हणाल्या, “अर्जावर मी सही करणार नाही. तुम्ही सगळे जाऊन या.”

मामंजी गेल्यानंतर अकरा वर्षांपूर्वी आईंनी कुंभोजच्या बाहुबलीला महाराजांसमोर दिग्व्रत घेतले होते, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. वर शिखरजीच्या पहाडाइतके आणि खाली गावच्या विहिरीच्या तळाइतके. याच्या पलीकडे आयुष्यभर जायचे नाही. दिग्व्रताची मर्यादा प्रसिद्ध खुणांनी आखावी, समुद्र, नद्या, अरण्ये, पर्वत, देश यांनी, असे श्रावकाचारात सांगितले आहे; आईंनी आपली चार तीर्थे चार कोपऱ्यांना ठेवली होती. चारही त्यांनी पाहिली होती, तेवढ्यात त्यांचे जग पुरे झाले होते. सिंगापूर त्या चौकटीत बसत नव्हते. विमान तर पहाडाच्या उंचीवरच अडत होते.

“आई, इतके दिवस बोलला का नाहीत?” मी विचारले. माझा स्वर चांगला नव्हता.

“व्रत सांगत फिरायचे असते का?” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही एवढ्या हौसेने वहीत लिहीत होता. म्हटले, फोटोपर्यंत येऊ द्यावे.”

त्या रात्री मला त्यांचा राग आला होता, हे येथे लिहिणे भाग आहे. थोरलीच्या वचनाचा, दिरांच्या रजेचा, माझ्या तीन महिन्यांच्या खटपटीचा त्यांच्या एका वाक्याने निकाल लागला असे वाटले. आईंना सांगलीतच त्यांच्या धाकट्या बहिणीकडे ठेवावे आणि सात जणांनी जावे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. दिरांना फोन केला तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वहिनी, मग मी कोणासाठी बोलावतोय?” थोरलीने काही न बोलता आपल्या खोलीचे दार लावून घेतले. दोन दिवस ती जेवायला येई आणि ताट धुऊन पुन्हा आत जाई.

ह्यांनी व्यापारी माणसाचा तोडगा काढला. “आई, हस्तिनापूरकडे तू आता पुन्हा जाणार आहेस का? उत्तरेकडून शे-पाचशे कोस कमी कर आणि तेवढे पूर्वेकडे वाढव. बेरीज तीच राहील.” आई इतक्या दिवसांनी मनापासून हसल्या. “अरे, ह्या लबाडीला शास्त्रात नाव आहे,” त्या म्हणाल्या. “क्षेत्रवृद्धी. दिग्व्रताच्या पाच अतिचारांतला एक. तुझ्या आधी पुष्कळ व्यापाऱ्यांना हे सुचलेले असणार, म्हणून तर लिहून ठेवले.” पाचांतला शेवटचा अतिचार म्हणजे आखलेली मर्यादा विसरून जाणे. तोही आम्ही सुचवला असता तर त्यांनी ऐकून घेतला असता, पण तेवढे धाडस कोणी केले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली आपला शाळेचा नकाशासंग्रह घेऊन आईंच्या पलंगावर येऊन बसली. मी दारात उभी होते. तिने गिरनारमधून एक उभी रेघ ओढली होती आणि श्रवणबेळगोळमधून एक आडवी. “आजी, हे बघ. गिरनार साधारण साडेसत्तर अंश रेखांशावर. मुंबई जवळजवळ बहात्तर पूर्णांक आठवर. म्हणजे मुंबईपासून पश्चिमेला समुद्रात सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरपर्यंत तुझी हद्द आहे. समुद्र तू सोडला नव्हतास ना?”

“समुद्राचे नावच घेतले नव्हते,” आई म्हणाल्या.

“मग तो आत आला. आता खाली बघ. श्रवणबेळगोळ बारा अंश एक्कावन्न मिनिटांच्या आसपास. गोवा साडेपंधरावर. ते आत. लक्षद्वीप त्या रेघेच्या खाली.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “गोवा चालेल. लक्षद्वीप नाही.”

आईंनी चष्मा लावून ती रेघ बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपली. मग जहाज पाण्यात किती खोल असते ते विचारले. प्रवाशांच्या खोल्या पाण्याच्या पातळीच्या वर असतात, असे तिने सांगितले. आईंनी दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन पंडितजींना नकाशा दाखवला आणि घरी येऊन म्हणाल्या, “कधी निघायचे?”

वाचकांपैकी कोणाला वाटेल की मुलीने आजीसाठी आपले सिंगापूर सोडले. तसे नाही. तिने ह्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले, तारीख घालून, की सिंगापूर पुढल्या वर्षी. तो कागद अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे.

आता मला नव्याने निवड करायची होती आणि वही जवळजवळ निरुपयोगी झाली होती. मे अखेरीस अरबी समुद्र खवळू लागतो. सिंगापूरच्या बाजूला मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, तसा इकडे नाही, आणि पावसाळ्यात तर मुंबईहून अशी सहल निघतच नाही. म्हणून दिवाळीची सुटी ठरली. दिरांनाही तेव्हाच रजा मिळत होती. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. मोठ्या जहाजावरच्या पुष्कळ गमती या लहान जहाजावर मिळणार नव्हत्या आणि धाकट्याने टाचा उंचावून मिळवलेली उंची वाया गेली. परंतु पुतण्याला मधल्या काळात तेरावे पूर्ण झाले होते. सूर्यास्त मात्र आता सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. दुपारच्या फराळाची वेळ कोठवर असते, आईंचे पान साडेपाचला वाढून मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून लेखी होकार घेतला आणि तो पाळलाही गेला. भाड्याखेरीज बंदराचे शुल्क, कर, सेवकांसाठी द्यायची रक्कम हे सारे निराळे असते. आठ माणसांचे ते एकत्र केले तेव्हा ह्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

खोल्या लावताना थोरलीच्या किल्लीची आठवण झाली. आम्ही तिघे एका खोलीत, दीर-जाऊबाई आणि पुतण्या दुसरीत, आणि मध्यभागी, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ एक दोघींची खोली. आई आणि थोरली. दोघींना एकेक किल्ली. हे मी कोणाला विचारून केले नाही. आठ माणसे वाटून झाल्यावर शेवटी तेवढेच उरले होते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला उतरलो आणि दुपारी बॅलार्ड पिअरवर गेलो. आईंची पाणी तापवायची विजेची किटली तपासणीत काढून घेतली; आगीच्या भीतीने अशी उपकरणे खोलीत चालत नाहीत, उतरताना परत देतात. घरी केलेल्या दशम्याही नेता आल्या नाहीत, बंद पाकिटातले भडंग तेवढे गेले. हे आधी विचारायला मी विसरले होते, माझ्या वहीत दशम्यांचे पान नव्हते. आई पाणी उकळून गाळून घेतात. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासूनच गोडे पाणी करतात, कोठे वाफ करून आणि कोठे सूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळून, असे दिरांनी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे उकळणे आणि गाळणे दोन्ही आले. तरी माझे मी उकळून मागेन.” भोजनगृहातला एक मुलगा रोज त्यांच्यासाठी थर्मास भरून ठेवी.

पहिल्या रात्री धाकट्याला ओकाऱ्या झाल्या. सगळे आले चघळायला सांगत होते. आले आपल्याकडे चालत नाही. आईंनी बटव्यातून सुंठ-गुळाची गोळी काढून दिली आणि त्याला आपल्या खोलीत, खालच्या मजल्यावर, झोपायला नेले. वरच्या मजल्यावर सज्जाची खोली घेण्याचा हट्ट आमच्याच ह्यांचा होता.

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की फोन लागत नाही. लागलाच तर तो जहाजावरच्या उपग्रहाच्या जाळ्यातून, आणि त्याचे बिल डोळे पांढरे करणारे येते. म्हणून निघतानाच सगळ्यांचे फोन विमानातल्यासारखे बंद करून ठेवायला सांगितले होते. मग मुले सापडायची कशी? आम्ही ठरवले की सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेदहा, या चार वेळी आईंच्या टेबलाशी हजर व्हायचे. मधल्या वेळात कोणी कोणाला शोधायचे नाही. सांगलीत थोरली शिकवणीहून यायला दहा मिनिटे उशीर झाला तर मी गॅलरीत उभी राहते. येथे ती रात्री नऊला गेली आणि दीड तास मला तिचा ठावठिकाणा नव्हता. दहाला मी न राहवून उठले. कॅसिनोच्या दारावरून गेले. तेथे मुलांना आत सोडत नाहीत, तरी डोकावले. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात ती, पुतण्या आणि नाशिककडच्या दोन मुली पत्ते खेळत बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी जिन्यावरूनच मागे फिरले. साडेदहाला दोन मिनिटे असताना ती टेबलाशी आली, तेव्हा मी भडंग खात बसले होते.

मुलांसाठी जहाज निवडताना मी तलाव मोजले, घसरगुंड्या मोजल्या. हे जे दीड तास होते, चारही बाजूंनी कठडा असलेले आणि तरी मोकळे, ते कोणत्याच रकान्यात नव्हते. पुढे कोणी मला विचारले तर मी आधी एवढेच विचारीन की तुमची मुले त्या जहाजावर एकटी कोठवर चालू शकतील.

गोव्याला बोट मुरगाव बंदराला लागली. तेथले काही सांगण्यासारखे नाही. ऊन होते, टॅक्सीवाल्यांशी घासाघीस झाली, धाकट्याची चप्पल हरवली. आई उतरल्याच नाहीत. त्या व थोरली दिवसभर जहाजावर राहिल्या आणि परतल्यावर दोघींनी एकदमच सांगितले की जहाज रिकामे असताना फार छान असते.

त्या संध्याकाळी आईंचे जेवण साडेपाचला झाले. थोरलीने आदल्या रात्री हिशेब मांडला होता. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबईहून गोव्याकडे येताना आपण साधारण एक अंश पूर्वेला सरकलो, म्हणजे सूर्यास्त चार मिनिटे आधी व्हायला हवा. पण कार्तिकात दक्षिणेकडे गेले की दिवस थोडा मोठा होतो, तेव्हा गेलेली मिनिटे जवळजवळ तितकीच परत मिळतात. “म्हणून आजी, तुझी वेळ मुंबईचीच धर.” दोघी कठड्याशी उभ्या राहून घड्याळ लावून पाहत होत्या. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा एक मिनिटाचा फरक निघाला. तो घड्याळाचा की गणिताचा, यावर त्यांचा वाद चालला होता. आईंनी त्यानंतर वायव्येकडे तोंड करून हात जोडले. तिकडे गिरनार, हे मला थोरलीने सांगितले.

आता पुढल्या मे महिन्याची तयारी सुरू आहे. खणातला कागद ह्यांच्यासमोर दोनदा ठेवून झाला. दोन वर्षांनी ती अठरा पूर्ण करील आणि मग किशोरांच्या दालनाचे दार तिला बंद होईल, असे ती बजावून सांगते. माझी जुनी वही कामाला आली आहे. दुहेरी रेघेची ओळ तशीच आहे. आई येणार नाहीत. त्या बहिणीकडे राहतील. या वेळी त्यांनी ते सांगितले तेव्हा आमच्यापैकी कोणाचा आवाज चढला नाही आणि कोणी दारही लावून घेतले नाही.

एक मागणी मात्र त्यांनी केली आहे. तिकडे सूर्य मावळला की रोज त्यांना कळवायचे. थोरली म्हणते, तिकडचे घड्याळ अडीच तास पुढे, तेव्हा सांगलीत साडेचार-पावणेपाच झालेले असतील. पण जहाज पेनांगकडे गेले की ही वेळ थोडी पुढे सरकेल, आणि किती, ते ती निघण्यापूर्वी आजीच्या पंचांगात लिहून ठेवणार आहे.